दिनानाथ गप्प बसला त्याची गोष्ट

रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचच्या वेळा लिहिलेली पाटी आहे, पण ती वाचतो कोण! लाँच सुटायची वेळ झाली हे माणसांना दिनानाथमुळे कळायचं.

"भाऊचाऽऽऽ धक्काऽऽ! चला भाऊचाऽऽऽ..."

'भाऊचा' म्हणताना आवाज शिडीने माडावर चढावा तसा वर वर जायचा, आणि 'धक्का' म्हणताना शहाळं पडावं तसा धप्पकन खाली. पार रिक्षास्टँडवर चहा पिणारा माणूस अर्धा कप तसाच टाकून पळायचा. चहावाल्या काशीबाईचा त्यावर कायमचा राग. "मेल्या, माझी गिऱ्हाईका चहा टाकून पलतान! जरा हलू बोंबलशील काय?"

पण हळू हा शब्द दिनानाथच्या कोशातच नव्हता. तो घरात मीठ मागायचा तेही शेजारच्या घरातून मीठ येईल अशा आवाजात. आणि त्याचा खरा दिमाख बघायचा तर थंडीत. भात कापून झालं, शेतं मोकळी झाली, बांध फोडून रोलर फिरवला की दिनानाथच्या टेंभीपाड्यापासून मांडव्यापर्यंत प्रत्येक गावात टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. स्पर्धा म्हटली की मांडव, मांडव म्हटला की भोंगे, आणि भोंगे म्हटले की दिनानाथ. टेबलावर पाण्याची बाटली, हातात माइक, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि मग:

"गोलंदाज निघालाय... निघालाय... निघालाऽऽय... टप्पा पडला, फलंदाज पुढे सरसावला, आणि हाऽऽऽ उंच, उंच, उंच, गगनाला गवसणी घालणारा फटका, बांध ओलांडून, खाजण ओलांडून, मी म्हणतो खाडी ओलांडून, चेंडू निघाला मुंबईलाऽऽऽ! त्याला तिकीट लागणार न्हाय!"

पब्लिक खूश. चेंडू कधीकधी जेमतेम सर्कलपर्यंत गेलेला असायचा, पण ते कोण बघतो? मॅच दोन व्हायच्या, एक मैदानात आणि एक भोंग्यात, आणि भोंग्यातली नेहमी जास्त रंगायची.

यंदा संक्रांतीच्या सुमारास शेजारच्या गावात उपांत्य सामना चालू होता. फलंदाजाने षटकार मारला, दिनानाथने तोंड उघडलं, आणि भोंग्यातून आवाज आला, "ह्ख्ख्ख." पंक्चर झालेल्या टायरमधून शेवटची हवा जाते ना, अगदी तसा. सगळ्यांना वाटलं माइक गेला. माइक बदलला. पुन्हा, "ह्ख्ख्ख." मग वायर बदलली. वायर बदलून झाल्यावर कुणीतरी दिनानाथच्या तोंडाकडे बघितलं.

अलिबागच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली आणि ते स्वतः इतक्या हळू बोलले की दिनानाथला पुढे वाकावं लागलं. "स्वरतंतूंवर छोट्या गाठी आल्यात. बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने तर जास्त ताण येतो. गप्प बसायचं. माघी गणपतीच्या आधी येऊन दाखवा."

दिनानाथने घशातून काहीतरी काढायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. पन्नास वर्षांत त्याला गप्प करणारा पहिला माणूस भेटला होता, आणि तोही बोटाने.

आता अडचण अशी, की माघी गणपतीनंतरच्या रविवारी टेंभीपाड्याच्या स्वतःच्या मैदानावर स्वतःच्या स्पर्धेची फायनल होती. मंडळाचे अध्यक्ष भागोजीशेठ. तीन ट्रक आणि एक मोठं पोट यांचे मालक. ते घरी आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "दिना, आवाज आला तर माइक तुझा. न्हाय आला तर माझा इलाज न्हाय. पनवेलचा तो हितेश हाय ना, त्याला सांगून ठेवलाय."

हितेशचं नाव काढल्यावर दिनानाथचा चेहरा ताकात लिंबू पिळल्यासारखा झाला. हितेशची कॉमेंट्री म्हणजे, "क्या बात हाय दोस्तों! व्हॉट अ शॉट! काय मारलाय रे बाबा, एकदम कडक! जोर से ताली होना चाहिए!" मागे सायरन, हॉर्न, कोंबड्याचं आरवणं, सगळं मोबाइलमधून. दिनानाथच्या मते ही कॉमेंट्री नव्हती, वरात होती. टेंभीच्या मैदानावर गेली कित्येक वर्षं माइक त्याच्याच हातात होता. तो एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की परत येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यानेही तो असाच कुणाच्या तरी बसलेल्या घशातून उचलला होता.

धक्क्यावर त्याने शिट्टी घेतली. फुर्रर्र केली की लाँच सुटते असं माणसांना दोन दिवसांत कळलं. पण घरात शिट्टी चालेना. पहिल्याच संध्याकाळी त्याने ताटावर बसून फुर्रर्र केलं, तेव्हा बायकोने, सुचिताने, वाटीत आमटी घालता घालता त्याच्यावर डावच उगारला. सुचिता अंगणवाडीत शिकवते. गप्प बसवण्यात तिचा हातखंडा, आणि गप्प बसलेल्याला गुंतवून ठेवण्यात त्याहून जास्त.

"अहो, असे हातावर हात ठेवून बसलात तर उद्या माझ्याशी बोलाल," ती म्हणाली. "हे ऐका. मी एका ग्रुपमध्ये आहे. पेणच्या रचनाताई चालवतात. रोज एक अनवट राग नाहीतर अनवट वाद्य पाठवतात, आणि त्याच्याबरोबर एक आव्हान. ऐकायचं आणि एका ओळीत लिहून कळवायचं."

दिनानाथने तिच्या अंगणवाडीतल्या पाटीवर लिहिलं, 'अनवट म्हणजे?'

"म्हणजे जे फारसं कुणी गात नाही, वाजवत नाही ते."

'मग मी कशाला ऐकू?' त्याने लिहिलं.

"कारण ऐकताना बोलायचं नाही असा नियम आहे," सुचिता म्हणाली आणि त्याचा नंबर ग्रुपात टाकून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मोबाइल वाजला. रचनाताईंचा आवाज म्हणजे केळीच्या पानावर ओतलेलं तूप. "नमस्काऽर मंडळी. आज आपण रुद्रवीणा ऐकणार आहोत. आजचं आव्हान सोप्पं आहे हं. पहिली दहा मिनिटं काहीही घडण्याची वाट पाहायची नाही."

दिनानाथने कानांत इयरफोनची बोंडं घातली आणि धक्क्याच्या कठड्यावर बसला. घ्वांऽऽऽऽम. थांबणं. पुन्हा घ्वांऽऽऽम. त्याने मोबाइल हलवून बघितला. बंद पडलाय का? नाही. घ्वांऽऽऽम. समोर भरती चढत होती, तिलाही कसली घाई नव्हती. शेवटी त्याने ग्रुपवर लिहिलं, 'धुक्यात लांबून लाँचचं इंजिन ऐकू येतं तसं वाटलं. पाच षटकं निर्धाव. पण गोलंदाजी टिच्चून.'

ग्रुपात आधी हसणारे चेहरे आले. मग अलिबागच्या एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं, 'अभिजात संगीताला क्रिकेटच्या भाषेत बोलू नये ही नम्र विनंती.' त्यावर रचनाताईंचं तूप, "राहू द्या हो. ऐकलं ना त्यांनी, ते महत्त्वाचं."

मग दिनानाथला चेवच चढला. लंकादहन सारंग आला, तेव्हा नाव वाचून त्याला वाटलं आता आग लागणार, शेपूट पेटणार, सायरन वाजणार. निघाला दुपारच्या सावलीत पाय पसरून बसल्यासारखा निवांत. त्याने लिहिलं, 'संघाचं नाव वाघ, खेळ गाईचा. पण गाय देखणी.' एकदा बसंती केदार आला. दोन राग एकात शिवलेले. शिवण कुठे आहे ते शोधा, असं आव्हान. दिनानाथने तो पाच वेळा ऐकला, शिवण सापडेना. लिहिलं, 'दोघे फलंदाज एकेरी धाव काढून टोक बदलतायत. आत्ता कोण खेळतोय कळेपर्यंत दुसरा आलेला असतो.' निवृत्त गृहस्थांनी उत्तर दिलं, 'शिवण तिथे नव्हतीच. आपण ऐकलात तो भाग निव्वळ केदाराचा.' आणि खाली थोड्या वेळाने, 'तथापि उपमा बरी आहे.'

बहुतेक वेळा दिनानाथ चुकायचाच. सारंगीला त्याने व्हायोलिन म्हटलं, पखवाजाला ढोलकी म्हटलं, आणि एकदा तर जाहिरात लागली तीच मन लावून ऐकली आणि 'शेवट फार अचानक' असं कळवलं. पण एक गंमत झाली. बोलणं बंद झालं, तेव्हा त्याचे कान उघडले. लाँच धक्क्याला घासते तेव्हा आधी टायर कण्हतात आणि मग लाकूड, हे त्याला पहिल्यांदा कळलं. काशीबाई चहा गाळताना गाळणी भांड्यावर तीनदा आपटते, टक टक, टक, तिसरी जरा उशिरा, हेही कळलं. एके सकाळी तो तिच्याकडे बघत बसला आणि तिसऱ्या टकेला मान डोलावली.

"काय झाला याला?" काशीबाई गिऱ्हाइकाला म्हणाली. "आधी बोंबलायचा त बरा होता. आता माझ्याकडं बघून मान हलवतंय! सांगू काय सुचिताला?"

मग ती सकाळ उगवली. दिनानाथला काहीतरी काम होतं म्हणून तो लाँचने मुंबईला निघाला होता. बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली, कुणी डुलकी काढत, कुणी टोपलीला टेकून. रचनाताईंनी पाठवला होता देवगंधार. "नमस्काऽर मंडळी. सकाळचा राग आहे, आणि ताल आहे विलंबित तिलवाडा. एक मोठ्ठं वर्तुळ समजा. गाणारी कुठेही हिंडून येईल, पण वर्तुळाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, तिला परत यावंच लागतं. आजचं आव्हान, ती जागा ओळखायची. सम आली की फक्त मान हलवायची हं."

दिनानाथने डोळे मिटले. गाणारी बाई निघाली. पहिल्या वेळी सम कधी आली आणि गेली, पत्ता लागला नाही. दुसऱ्या वेळी मान उशिरा हलली. तिसऱ्या वेळी लवकर. चौथ्या वेळी तो पाय रोवून बसला. बाई वर गेली, तिथून आणखी वर, मग उतरली ती भलत्याच वाटेने, रेंगाळली, एका सुराभोवती घुटमळली. दिनानाथची बोटं बाकावर वळली. तबला समेच्या जवळ यायला लागला आणि ही बाई अजून बांधावरच! आता कशी पोचणार? नाही पोचत. गेली. धावबाद. आणि बाईने एकदम तिथून सूर मारला, भरभर भरभर उतरत, आणि नेमका, अगदी नेमका, बरोब्बर त्या ठोक्यावर पाय ठेवला.

"आणि हाऽऽऽऽ पोचलीऽऽऽऽ!"

अख्खी लाँच दचकली. एका बाईच्या मांडीवरचं पोर रडायला लागलं. डुलकी काढणारा माणूस "धक्का आला?" म्हणत उठून उभा राहिला. चाकावरच्या तांडेलाने घाबरून मागे वळून बघितलं, कोण पाण्यात पडलं म्हणून. आणि दिनानाथ दोन्ही हात वर करून बसलेला, षटकाराची खूण. मग त्याने गळा धरला. आत कुणीतरी काचपेपर फिरवल्यासारखं झालं होतं.

डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. या वेळी ते आणखी हळू बोलले. "जवळजवळ बरं होत आलं होतं हो. काय झालं? भांडण?"

"देवगंधार," सुचिता म्हणाली. डॉक्टरांना वाटलं ते माणसाचं नाव आहे.

"हे बघा, रविवारी बोलायचंच असेल तर थोडं बोला. अगदी हळू, समोर बसलेल्या माणसाशी बोलता तसं. ओरडलात तर मग मी काही करू शकत नाही. हा आवाज परत येणार नाही."

घरी येताना सुचिता बसमध्ये धुसफुसत होती. तिने पालीच्या बल्लाळेश्वराला नारळ बोलला होता. तो नारळ लाँचमध्येच फुटला असं तिचं म्हणणं. दिनानाथ खिडकीबाहेर बघत होता. न ओरडता कॉमेंट्री? म्हणजे मिठावाचून बोंबील. त्याने पाटी काढली आणि लिहिलं, 'हितेशलाच देऊ दे.'

सुचिताने पाटी वाचली. पुसली. मग म्हणाली, "एक विचारू? माइक असतो ना तुमच्या हातात?"

त्याने मान हलवली.

"आणि चार भोंगे असतात ना बांधलेले? मग एवढी वर्षं तुम्ही ओरडत का होता? ओरडायचंच होतं तर माइक कशाला हवा होता?"

दिनानाथने पाटीवर उत्तर लिहायला घेतलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. चोंढी आली तेव्हा तो तिसऱ्यांदा पुसत होता.

भागोजीशेठने डोकं खाजवलं. "हलू बोलणार? फायनलला? दिना, पब्लिक झोपंल रं." मग जुन्या ओळखीला जागून म्हणाले, "बरा, असा करू. सगली मॅच हितेश. शेवटची दोन षटका तुझी. पण पब्लिक चुळबुळली की माइक काढून घेणार, मग रागावू नको. आणि पुढल्या वर्षाचा माइक कोणाचा तेही तिथंच ठरंल."

रविवारी मैदान भरून गेलं. बांधावर माणसं, ट्रकच्या टपावर माणसं, आंब्यावर माणसं. टेंभी विरुद्ध मांडव्याचा संघ. भोंग्यातून हितेश नुसता उसळत होता. "अरे क्या बोलती पब्लिक! व्हॉट अ कॅच! आवाज कुठाय आवाज? आवाऽऽज!" मग सायरन, मग कोंबडा. खरं सांगायचं तर पोरगा वाईट नव्हता. पब्लिक नाचत होती. आणि शेवटची दोन षटकं उरली, टेंभीला सतरा धावा हव्यात, तेव्हा हितेशने माइक दिनानाथपुढे सरकवला. आणि वाकून कानात म्हणाला, "अंकल, टेन्शन नको. नाही जमलं तर मी हाय इथेच."

दिनानाथने चष्मा काढला. घोटभर पाणी प्यायला. आणि जेवायला बसलेल्या माणसाला 'भात वाढू का' विचारावं त्या आवाजात म्हणाला,

"शुभम खेळतोय."

भोंग्यातून एवढंच. पब्लिक थांबली. काय झालं? लाइट गेली? ट्रकवरचा कुणीतरी ओरडला, "दिनादादा, जेवला न्हाय काय?" हशा पिकला. भागोजीशेठ खुर्चीतून अर्धे उठले.

"गोलंदाज... निघाला," दिनानाथ म्हणाला. आणि थांबला.

त्या थांबण्यात काय काय ऐकू आलं! गोलंदाजाच्या पायांची धपधप. खाजणावरच्या टिटवीची टिवटिव. आंब्याची फांदी करकरली. आणि मग बॅटवर चेंडू, टॉक्! हा आवाज टेंभीच्या मैदानावर आजवर कुणी ऐकलाच नव्हता. तो नेहमी 'हाऽऽऽ'च्या खाली गाडला जायचा.

"बांधाकडे," दिनानाथ म्हणाला. "दोन मिळतील." मग जरा वेळाने, "मिळाल्या."

पब्लिकला ऐकण्यासाठी गप्प बसावं लागत होतं. पुढच्यांनी मागच्यांना "श्शू!" केलं, मागच्यांनी आंब्यावरच्यांना. दिनानाथ प्रत्येक चेंडूला एखादाच शब्द टाकत होता आणि दोन शब्दांच्या मधे अशी जागा सोडत होता की माणसांचा श्वास तिथे अडकून बसे. चेंडू टाकायला निघालेला गोलंदाज कधी नव्हे तो लांब वाटायला लागला. एकदा दुसऱ्या टोकाचा सुजित चकला, तेव्हा दिनानाथ म्हणाला, "हिंडायला गेला होता. येईल परत." आणि पुढच्याच चेंडूला सुजितने चौकार मारला. भागोजीशेठ खाली बसले.

शेवटचा चेंडू. तीन धावा हव्या.

गोलंदाज धावला. दिनानाथ काहीच बोलला नाही. सुजितने बॅट फिरवली, टॉक्!, आणि चेंडू वर गेला, सरळ वर, आणखी वर. सीमारेषेवर मांडव्याचा खेळाडू त्याच्याखाली येऊन उभा राहिला, ओंजळ धरून. दिनानाथच्या घशात सगळे जुने शब्द दाटून आले. उंच उंच उंच, गगनाला गवसणी, खाडी ओलांडून, तिकीट न्हाय, सगळे एकमेकांना ढकलत दाराशी उभे. सुचिताने बांधावरून पदर तोंडात धरला. चेंडू खाली यायला लागला. ओंजळीत पडला. उडाला. बोटांवर आपटला, खांद्यावर आपटला, जमिनीवर पडला, आणि टुणकन उडी मारून रेषेपलीकडे.

नेमक्या त्या क्षणी दिनानाथने मान हलवली. एकदाच. बरोब्बर.

आणि अख्खा टेंभीपाडा ओरडला. आंबा ओरडला, ट्रक ओरडले, हितेश मोबाइल विसरून स्वतःच्या तोंडाने कोंबड्यासारखा ओरडला. एवढा आवाज दिनानाथला आपल्या घशातून उभ्या जन्मात काढता आला नसता.

फक्त भागोजीशेठ टेबलावर हात आपटत होते. "अरं मेल्या, बोल की! चौकार का षटकार? पंच तुझ्याकडं बघतोय! मान काय हलवतोस? भोंग्यातून मान दिसते काय?"

दिनानाथने माइक जवळ घेतला.

"चार," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी भेटू."

भागोजीशेठने त्याच्याकडे बघितलं, हितेशकडे बघितलं, आणि म्हणाले, "भेटू काय भेटू! पहिली षटका या पोराची, शेवटची तुझी. आणि मधी ते तुझं गप्प बसायचं काय असेल ते कमी कर."

सुचिताने शेवटची दोन षटकं मोबाइलवर घेतली होती. सोमवारी पहाटे ग्रुपवर तूप ओतलं गेलं. "नमस्काऽर मंडळी. आज जरा वेगळं. कलाकार आपल्यातलेच आहेत. आव्हान तेच, सम कुठे येते ते ओळखा." पहिलं उत्तर अलिबागच्या निवृत्त गृहस्थांचं आलं. 'तीन वेळा ऐकले. तिन्ही वेळा झेल सुटेल की नाही अशी धाकधूक झाली, वास्तविक निकाल ठाऊक होता.' खाली थोड्या वेळाने, 'माझी मान मात्र वेळेवर हलली.'

दिनानाथने हे धक्क्यावर वाचलं आणि मोबाइल खिशात टाकला. घसा आता बरा होता, पण शिट्टी त्याने गळ्यातच ठेवली होती. लाँच लागली. तो कठड्याशी गेला आणि समोरच्याशी बोलावं तसं, मधे भरपूर जागा सोडून म्हणाला,

"भाऊचा..."

रिक्षास्टँडवरची माणसं निवांत चहा पीत राहिली. काशीबाईने गाळणी आपटली. टक टक. टक.

"...धक्का."

लाँच सुटली तेव्हा अर्धी माणसं स्टँडवरच होती. काशीबाईने त्या सगळ्यांना दुसरा चहा ओतला आणि धक्क्याकडे तोंड करून खुशीत हाक मारली, "दिना! रोज असाच हलू बोलत जा रं बाबा!"

दिनानाथने उत्तरादाखल शिट्टी तोंडात घातली आणि फुर्रर्र केलं.